उसात गेला की आउट

मला चेंडू अडवता येतो. चामड्याचा, वेगात आलेला, आत वळणारा, खाली राहणारा, कसाही टाका. तो माझ्या पायापाशी येऊन मरतो. लोक याचं कौतुक करतात. आणि कौतुक ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का जाते ते एकदा सांगूनच टाकते, कारण घरात हे कुणाला ऐकायचं नाहीये, आणि ज्यानं ऐकायला पाहिजे त्याला तर मुळीच नाही.

आमची वस्ती नेवासे तालुक्यात, मुळेच्या पाटाखाली. घोडेगावला जायला मोटारसायकलवर पाव तास. घर, घरापुढं खळं, घराला लागूनच गोठा आणि खळ्याच्या उरलेल्या तिन्ही अंगांना ऊस. खळं म्हणजे पूर्वी बाजरी मळायची जागा. मळणीयंत्रं आल्यापासून ते नुसतंच पडून होतं, पण बैलांनी वर्षानुवर्षं तुडवून जमीन अशी घट्ट झाली होती की पहार मारली तरी ठिणगी उडावी. दादानं तिथं बावीस पावलं मोजली, एका टोकाला तीन काठ्या ठोकल्या आणि आमचं पिच तयार झालं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. फास्ट बॉलर होता, आणि आपण एक दिवस मोठ्या संघातून खेळणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. घरालाही नव्हती. मला तरी कुठं होती?

मी आठवीत असताना त्या वर्षी उसात वाघ आला. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. आधी त्यानं शेजारच्या वस्तीवरचं शेरडू नेलं, मग आमचं कुत्रं. वनखात्याची माणसं पिंजरा लावून गेली, आत कोंबडी ठेवली. कोंबडी आठवडाभर मजेत जगली आणि वाघ काही तिकडं फिरकला नाही. संध्याकाळी खेळायला येणारी आजूबाजूच्या वस्त्यांवरची पोरं यायची बंद झाली. आईनं आम्हाला बजावलं, "उसात पाय ठिवलेला दिसला तर तंगडं मोडीन. चेंडू गेला तर गेला." चामड्याचा चेंडू दादाकडं एकच, कॉलेजच्या सरांच्या मागं लागून आणलेला. तो उसात गेला की गेलाच समजायचं. म्हणून दादानं नियम केला, उसात गेला की आउट. उडून गेला तरी आउट, जमिनीवरून सरपटत गेला तरी आउट.

आणि पोरं येत नव्हती, म्हणून बॅटिंगला मी.

"तू नुसतं आडवायचं," दादा म्हणाला. "हाणायचं न्हाई. मला बॉलिंग करायचीय, चेंडू हुडकत बसायचं न्हाईये. जिथं टप्पा पडंल तिथंच मारून ठिवायचा."

हे ऐकून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तोवर बॅटला जवसाचं तेल चोळायचं काम माझं आणि बॅट धरायचं काम दुसऱ्याचं असं चालत आलेलं. आईच्या जुन्या गोधडीचे दोन तुकडे केले, पायांना सुतळीनं बांधले आणि उभी राहिले. पहिल्याच संध्याकाळी मांडीवर काळानिळा डाग उठला. दुसऱ्या दिवशी कोपरावर. आईला म्हटलं, गाईनं लाथ मारली. आई गाईला दोन शिव्या देऊन मोकळी झाली.

पहिल्या महिन्यात माझी एकच चूक व्हायची, आणि ती बाकी कुठं कुणाची होत असेल असं मला वाटत नाही. सकाळ-संध्याकाळ चार गाईंची धार मी काढायची. धार काढणाऱ्या हाताला आवळायची खोड असते. बॅट हातात आली की माझी खालची मूठ आपोआप आवळली जायची. हात असा आवळलेला असला की चेंडू बॅटला लागून उसळतो, नाहीतर पळतो. पळाला की ऊस, आणि ऊस आला की दादाचा आरडाओरडा. एकदा तो भर पळत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "ए बये, बॅटची धार काढतीस का? सोड की त्यो खालचा हात!" मग त्यानं माझी बोटं एकेक करून उचलली. वरचा हात घट्ट, खालच्या हाताचा नुसता अंगठा आणि दोन बोटं. खोटं कशाला बोलू, हे त्यानंच शिकवलं, आणि नीट शिकवलं.

बाकीचं मी माझं शिकले. डोकं चेंडूच्या वर न्यायचं. पुढचा पाय टप्प्याच्या जवळ नेऊन टाकायचा, बॅट पायाला चिकटून खाली आणायची, मधे फट ठेवायची नाही. तेवढ्याच फटीतून दादाचा आत येणारा चेंडू घुसायचा. सगळ्यात अवघड म्हणजे थांबणं. मला चेंडू भेटायला पुढं धावायची घाई असायची. तो येऊ द्यायचा, पार डोळ्यांखाली येऊ द्यायचा, आणि मगच बॅट लावायची, हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला. मी पायापुढं हातभर अंतरावर टाचेनं एक रेघ ओढायची. चेंडू रेघेच्या आत थांबला पाहिजे. दादा रोज साठ-सत्तर चेंडू टाकायचा. सुरुवातीला निम्मेशिम्मे रेघेबाहेर जायचे. दहावीत गेले तोवर संध्याकाळच्या संध्याकाळी एकही जात नव्हता. दादा चिडायचा, जोर लावायचा, आखूड टाकून अंगावर आणायचा. मी हात सोडून द्यायची, चेंडू बोदा आवाज करून खाली पडायचा. त्याला ते आवडायचंही आणि खुपायचंही.

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, माझं कपाळ! दिवाळीनंतर कारखाना सुरू व्हायचा, पाथर्डीकडच्या तोडणीच्या टोळ्या यायच्या, आणि पंधरा दिवसांत आमच्या तिन्ही बाजूंचा ऊस पडायचा. वाघ दुसऱ्या रानात जायचा. एवढं मोकळं रान व्हायचं की पाटापर्यंत नजर जायची. आता कुठंही हाणा, चेंडू दिसतो! आणि नेमकं त्याच दिवशी आजूबाजूची पोरं टेनिसचे चेंडू घेऊन हजर. मी बॅट घेऊन उभी राहिले की दादा म्हणायचा, "पोरांत काय खेळतीस? आत जा, चहा टाक." आई म्हणायची, "आता मोठी झालीस." मोठी झाले! चार महिने दादाचे चेंडू अंगावर घेताना मी लहान होते, आणि ऊस तुटला की एका दिवसात मोठी व्हायची. दर वर्षी हेच. ऊस उभा तोवर माझी बॅटिंग, ऊस पडला की हातात चहाची किटली. चार वर्षं मी खेळले, आणि त्या चार वर्षांत मोकळ्या रानात एक चेंडूही खेळले नाही.

मी बारावीत असताना दादानं कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना वस्तीवर आणलं. जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आलेली, सरांनी आपली बॉलिंग एकदा निवांत बघावी असं त्याच्या मनात. सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, दादानं सदरा काढला आणि जीव तोडून टाकायला लागला. मी आपली नेहमीसारखी समोर. वीसेक मिनिटं झाली. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि चालत माझ्या टोकाला येऊन बसले, माझ्या पाठीमागं थोडं आडोशाला. दादाला वाटलं, आपला चेंडू कसा येतो ते बघतायत.

शेवटी सर म्हणाले, "ही कोण?"

"बहीण हाय माझी. बारकी," दादा म्हणाला.

"हिला कुणी शिकवलं?"

दादा हसला. "मीच की, सर."

सर माझ्याकडं वळले. "मुलींची जिल्ह्याची निवडचाचणी आहे नगरला. येशील का?" मी दादाकडं बघितलं, दादानं जमिनीकडं बघितलं. मी म्हटलं, येते. इतक्या झटकन म्हटलं की मलाच लाज वाटली. सर गेल्यावर जेवताना दादा आईला म्हणाला, "सर माझी बॉलिंग बघाया आल्ते, आन् गेले हिला बघून." आईला त्यात काही कळलं नाही. मला कळलं, आणि खरं सांगायचं तर गुदगुल्या झाल्या.

चाचणीच्या दिवशी घोडेगावच्या स्टँडवरून नगरची एसटी धरली. आता अहिल्यानगर लिहायचं, पण आमच्या तोंडात नगरच. आबांनी, म्हणजे वडिलांनी, सोबत यायचं कबूल केलं. त्यांना नगरला इंजिनाचा पार्ट घ्यायचा होता. मैदानावर चाळीसेक मुली. पांढरे कपडे, स्वतःच्या बॅगा, कोपरावर पट्टे. माझ्या अंगावर शाळेचा पांढरा शर्ट आणि दादाची जुनी पँट, कमरेला नाडी बांधलेली. निवड करायला एक मॅडम होत्या, स्वतः खेळलेल्या. उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. प्रत्येकीला अठरा चेंडू खेळायला मिळणार होते.

पहिले नऊ चेंडू मी असे खेळले की आजही आठवले तरी बरं वाटतं. तिथल्या मुली दादापेक्षा हळूच टाकत होत्या. एकेक चेंडू यायचा आणि पायाशी पडून राहायचा. बाजूला गडबड करणाऱ्या मुली वळून बघायला लागल्या. मॅडम पुढं आल्या. "सुरेख," म्हणाल्या. "आता मार."

मी विचारलं, "कुठं मारू?"

सगळ्या हसल्या. मॅडमसुद्धा हसल्या. "अगं, एवढं मोकळं मैदान आहे, कुठंही मार!"

मी मैदानाकडं बघितलं. खरंच मोकळं होतं. आणि मला काही म्हणजे काही सुचेना. माझी बॅट गुडघ्याच्या वर कधी उचललेलीच नव्हती. उचलली तर खालचा हात सैल; जोर लावला की बॅट हातात गरकन फिरायची. दहावा चेंडू हुकला. अकरावा हवेत उडाला आणि बॉलरनं जागच्या जागी झेलला. बाराव्याला माझा मधला स्टंप गेला. मग मी घाबरले आणि परत अडवायला लागले. मॅडम ओरडल्या, "मार म्हटलं ना!" पुढचा मारायला गेले, तो पॅडवर. अठरा संपले तेव्हा माझ्या खात्यात एकही धाव नव्हती.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "बाळ, तुझ्याइतका चांगला डिफेन्स माझ्या टीममध्ये कुणाचा नाही," त्या म्हणाल्या. "पण तू नुसती उभी राहून मला काय उपयोग? तुला अर्धंच क्रिकेट शिकवलंय कुणीतरी. वर्षभरात मारायला शीक आणि पुढच्या वर्षी ये. मी तुझी वाट बघेन."

मी तुझी वाट बघेन! हे मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. परत येताना आबा म्हणाले, "न्हाई झालं तर न्हाई झालं, वाईट नको वाटून घेऊ." मला वाईट वाटतच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, एक वर्ष. एका वर्षात मारायला शिकायचं. जी मुलगी असून वर्षानुवर्षं चेंडू अडवायला शिकली, तिला एका वर्षात हाणायला शिकणं काय जड जाणार होतं?

दादाला सांगितलं. तो त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या संघात निवडला गेला होता, त्यामुळं खुशीत होता. म्हणाला, "तोड झाली की शिकवतो. रान मोकळं झालं की हान तुला पायजे तेवढं." कॉलेजात त्याचा सत्कार झाला, मीही मागं बसले होते. हार घालून तो माईकवर म्हणाला की माझ्या यशात आई-आबांचा आणि सरांचा वाटा आहे. चला, म्हटलं, ठीक आहे. चार वर्षं रोज साठ-सत्तर चेंडू मी काय अंगणात सडा घालत होते!

ऊस पडला. पोरं आली. मी बॅट घेऊन उभी राहिले आणि या वेळेला आत गेले नाही. दादा म्हणाला, "बरं, खेळ." पोरांनी टेनिसचा चेंडू टाकला. मी जोरात फिरवली, हुकली. दुसरा, तोही हुकला. पोरं खिदळायला लागली. एक जण ओरडला, "ताईला चेंडू नको, लाटणं द्या!" आणि दादा, माझा सख्खा भाऊ, सगळ्यांत मोठ्यानं हसला. सहाव्या चेंडूला म्हणाला, "जा, ठिव ती बॅट. पोरांचा येळ जातोय."

मग एकटीनं करून बघितलं. गोठ्याच्या भिंतीवर चेंडू आपटायचा आणि परत येईल तो हाणायचा. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी गाईनं पान्हा चोरला. आबा रिकामी बादली घेऊन बाहेर आले. "पुन्ना गोठ्याकडं चेंडू वाजला तर बॅट चुलीत घालीन," म्हणाले. दादाला पुन्हा म्हटलं, तर त्याचं उत्तर तयार होतं. "आगं, तू हानाया लागलीस तर माझ्या लाईन-लेंथचं काय? माझी मोठी निवड हाय आवंदा. मला आडवनारं मानूस पायजे. माझं होऊ दे, मग तुझं बघू." आणि पावसाळा आला, ऊस वाढला, आणि मी परत गोधडी बांधून उभी राहिले. नाही, गोधडी नाही. तोवर कॉलेजचे खरे पॅड आले होते. दादाला चेंडू अंगावर टाकताना जपायला नको म्हणून.

तरी मी वाट बघत होते. दिवाळी जवळ आली तसं रोज दादाला विचारायची, "सरांचा फोन आला का?" घरात मोबाईल एकच, तो दादाच्या खिशात. "न्हाई अजून," तो म्हणायचा. दिवाळी झाली. "न्हाई अजून." मारता येत नव्हतं तरी मी जाणार होते. मॅडमना सांगणार होते की मला शिकवायला कुणी नाही, तुम्ही शिकवा. हे वाक्य मी धार काढताना गाईसमोर किती वेळा म्हणून बघितलं असेल, त्याला गणती नाही.

एका शुक्रवारी, घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी, आबा गाय बघायला गेले आणि मी आईसोबत भाजी घ्यायला. स्टँडजवळ सर भेटले. मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय गं, आली नाहीस?"

"कुठं, सर?"

"कुठं म्हणजे? चाचणीला. पंधरा दिवस झाले. मी दोनदा फोन केला होता तुझ्या दादाला. मॅडम तुला विचारत होत्या. शेवटच्या मुलीपर्यंत थांबल्या बिचाऱ्या."

आईच्या हातातली पिशवी मी धरली होती की माझ्या हातात आईनं दिली होती, काही आठवत नाही. गाई-म्हशी हंबरत होत्या, दलाल ओरडत होते, आणि सर काहीतरी बोलत होते ते मला ऐकूच येत नव्हतं. घरी आलो तर दादा खळ्यावर चेंडूला थुंकी लावून पँटीवर घासत उभा होता. मला बघून म्हणाला, "आलीस? घाल पॅड."

मी विचारलं, "सरांचा फोन आला होता?"

त्यानं चेंडू घासायचं थांबवलं नाही. "आल्ता. ऱ्हायलं सांगायचं. त्या दिवशी माझी मॅच हुती, डोक्यातनं गेलं." मग वर बघून म्हणाला, "आन् सांगून काय झालं आस्तं? तुला हानता कुठं येतं?"

"कुणामुळं येत नाही?" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले त्याच्यावर. "कुणामुळं, सांग ना!"

आई मधे पडली. "भावाला उलटं बोलू नको. त्याची उद्या मॅच हाय." बस्स. त्या प्रकरणाचा निकाल तिथंच लागला. मी पॅड गोठ्यात नेऊन टाकले, आणि त्या दिवसापासून दादाचा एकही चेंडू खेळले नाही. त्यानं आठ दिवस समजूत घातली, मग गुरगुरला, मग एका चुलतभावाला समोर उभं केलं. तो तिसऱ्या दिवशी बोट मोडून घेऊन घरी बसला. दादा त्या वर्षी मोठ्या संघात निवडला गेला नाही. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या संघातूनही गेला. यात माझा हात होता असं मी म्हणत नाही. पण बरं वाटलं, हे लपवत नाही.

माझं वय निघून गेलं. मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, आज अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या अलीकडं एका गावात शिकवते. दादानं नगरच्या बाहेर क्रिकेट अकादमी काढली. चांगली चालते. फाटकावर त्याचा फोटो आहे, जिल्ह्याच्या टोपीतला. आणि गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. मुलींची बॅच सुरू केली होती, सुट्टीचं शिबिर होतं, पालक येणार होते. "तू ये ना गं," म्हणाला. "डिफेन्स कसा सुधारायचा, तासभर सांग. तुझ्यासारखं पोरींना कोन दाखवनार?"

नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. आणि मी हो म्हटलं. कारण सांगते, अगदी खरं. मला त्याचा एक चेंडू हाणायचा होता. एकच. त्याच्या मैदानावर, त्याच्या फाटकासमोर, त्याच्याकडच्या मुलींच्या आई-बापांदेखत. पुढचे तीन आठवडे शाळा सुटल्यावर माझ्या सोबतच्या बाई मला चेंडू टाकायच्या, आणि मी ते भाताच्या खाचराच्या बांधापलीकडं घालवायची. सुरुवातीला हुकले, मग बसायला लागले. बाई म्हणायच्या, "अहो, केवढ्या जोरात! कुणाचा राग काढताय?" खालचा हात कसा आवळायचा, बॅट मागं कुठवर न्यायची, सगळं बसलं. चाळिशीकडं झुकलेल्या बाईला तीन आठवड्यांत जमलं. म्हणजे तेव्हा वर्षात नक्की जमलं असतं.

शिबिराला तीसेक मुली होत्या, त्यांचे आई-बाप मागं खुर्च्यांवर. दादानं ओळख करून दिली. "ही माझी धाकटी बहीण. हिचा डिफेन्स मी घडवला. वस्तीवर, खळ्यावर. रोज सत्तर चेंडू." पालक माना डोलवत होते. मी पॅड बांधले. दादाचं पोट सुटलंय, रनअप आता आखूड झालाय, पण हात तोच. मी ठरवलं होतं, पहिलाच. टप्पा पडायच्या आधीच पाय काढायचा आणि समोर उचलायचा.

तो पळत आला. हात वर गेला. आणि माझं डोकं आपोआप खाली आलं, पाय टप्प्याशी गेला, खालची बोटं सुटली, आणि चेंडू माझ्या पायाशी पडून राहिला. टाळ्या वाजल्या. दुसऱ्याला मी दात आवळले. तोही पायाशी. तिसऱ्याला मनातल्या मनात ओरडले, हाण, बये, हाण! बॅट सरळ खाली आली. सहा चेंडू त्यानं टाकले. सहाही माझ्या बुटांपुढं हातभराच्या आत पडले. भाताच्या बांधापलीकडं चेंडू घालवणारी ती बाई कुठं गेली, देव जाणे. दादा पोरींना सांगत होता, "बगा, हात कसा सैल हाय! बगा, डोकं कुठं हाय!"

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. दहा-अकरा वर्षांची असेल. "मॅडम, पण मग याच्यावर रन कसा काढायचा?"

मी म्हटलं, "मला येत नाही. मला शिकवलंच नाही." आणि दादाकडं बोट केलं. "ह्यानं शिकवलं नाही. ह्याला मुद्दाम शिकवायचं नव्हतं."

दादानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "चेष्टा करती हो," तो पालकांना म्हणाला. "लहानपनापासून सवयच हाय तिला." पालक हसले, मुली हसल्या. मी त्याचा हात झटकायला हवा होता. पुढचं सगळं सांगायला हवं होतं, त्याच्या फोटोसमोर, माईकवर. शब्द तोंडात आलेले होते. आणि मी हसले. त्या सगळ्यांबरोबर मीही छान, मनमोकळी हसले, आणि दादा म्हणाला, "चला, आता जोड्या करा." त्यानं फोन लपवला याचा राग इतक्या वर्षांत थोडा बोथट झाला होता. माझ्या त्या हसण्याचा होत नाहीये.